घरात मांजर आणि कुत्रा दोन्ही असताना पिसवांवरील औषधाची निवड

पुण्यात जूनमध्ये दोन-चार मोठे पाऊस होऊन गेले, की अंग खाजवणारी कुत्री आणि शेपटीच्या मुळाशी केस गळलेली मांजरे पशुवैद्यकांच्या दवाखान्यांत अधिक दिसू लागतात. साधारण 20 ते 30 अंश तापमान आणि 70 टक्क्यांच्या वरची आर्द्रता पिसवांच्या अंड्यांना व अळ्यांना मानवते, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांना हे दोन्ही मिळते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्यावरच्या अळ्या वाळून मरतात. परंतु सोफ्याखाली, कुलर लावलेल्या खोलीत, जुन्या वाड्यातील जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमधील सावलीतल्या मातीत त्या तग धरतात. म्हणून औषध शक्यतो बारा महिने चालू ठेवावे. ते परवडत नसेल तर निदान मे महिन्यातच सुरू करावे आणि दिवाळीपर्यंत तरी थांबवू नये.

त्रास पिसवांचाच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. बारीक दातांची फणी कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत त्वचेला टेकवून सावकाश फिरवावी आणि तिच्यात अडकलेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कापसावर टाकावा. थोड्या वेळात कणांभोवती तांबूस-तपकिरी रंग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. रंग पसरला नाही, तर ती साधी धूळ असण्याची शक्यता अधिक. मांजर स्वतःला सतत चाटत असल्यामुळे तिच्या अंगावर जिवंत पिसू पुष्कळदा सापडतच नाही, आणि अशा वेळी हा भुगा हाच विश्वासार्ह पुरावा ठरतो. गोचीड मात्र उडी मारत नाही. ती कानात, मानेवर किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत घट्ट चिकटून बसते. वेताळ टेकडी किंवा तळजईवर रोज फिरायला जाणाऱ्या कुत्र्याला पिसवांइतकाच, किंबहुना अधिक, धोका गोचिडांचा असतो, कारण आपण ज्याला ‘टिक फीव्हर’ म्हणतो ते एर्लिकिया आणि बबेसियाचे आजार गोचिडांमार्फतच होतात. त्यामुळे अशा कुत्र्यासाठी दोन्हींवर चालणारे औषध घ्यावे, तर घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला बहुधा केवळ पिसवांवरचे औषध पुरते.

कुत्र्याच्या आणि मांजराच्या अंगावर आढळणारी पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची, टेनोसेफॅलिडिस फेलिस, असते. घरातील एकाच प्राण्याला औषध देऊन उपयोग होत नाही, तो यामुळेच. सर्व प्राण्यांना एकाच दिवशी औषध द्यावे. मात्र सर्वांना एकच औषध देऊ नये.

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कुत्र्यांसाठीच्या अनेक स्पॉट-ऑन औषधांत (मानेमागे त्वचेवर सोडायच्या थेंबांत) आणि फवाऱ्यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याचे शरीर ते सहज निकामी करते. मांजराच्या यकृताला मात्र ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही, आणि कुत्र्यासाठीचे थोडेसे थेंबही मांजराला झटके आणू शकतात, तिचा जीवही घेऊ शकतात. ‘मांजरालाही चालतं, फक्त थोडं कमी लावा’ असा सल्ला दुकानातही दिला जातो. तो कदापि मानू नये. केवळ मांजराला ते न लावणे एवढ्यानेही भागत नाही, कारण कुत्र्याला खेटून झोपणारी किंवा त्याची मान चाटणारी मांजर ते औषध स्वतःच्या अंगावर घेते. ज्या घरात दोन्ही प्राणी आहेत, तेथे कुत्र्यासाठीसुद्धा परमेथ्रिनयुक्त औषध आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतके पर्याय उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ आणि गुरांसाठी विकले जाणारे डेल्टामेथ्रिनचे द्रावणही मांजरापासून दूर ठेवावे. चुकून असे औषध लागले आणि मांजर थरथरू लागली, लाळ गाळू लागली किंवा तिचे कान व कातडी फडफडू लागली, तर वाट पाहू नये. पशुवैद्यकांना तत्काळ फोन करावा, त्यांच्या सल्ल्याने कोमट पाणी व भांडी घासण्याचा सौम्य साबण वापरून औषध धुऊन काढावे, आणि औषधाचे पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

मांजरासाठी सेलामेक्टिन, किंवा मांजरांसाठीच तयार केलेले फिप्रोनिल अथवा इमिडाक्लोप्रिड हे चांगले पर्याय आहेत. फिप्रोनिलच्या जोडीला एस-मेथोप्रीन असेल तर अधिक चांगले, कारण फिप्रोनिल मोठ्या पिसवांना मारते आणि एस-मेथोप्रीन अंडी व अळ्यांची वाढ रोखते. घरात ससा असल्यास फिप्रोनिल त्याला कधीही लावू नये. सशासाठी ते घातक आहे.

कुत्र्याच्या बाबतीत चावून खायच्या गोळ्या मिश्र घरासाठी सर्वांत सोयीच्या वाटतात. अफोक्सोलानर आणि सारोलानरची गोळी महिन्यातून एकदा द्यायची असते, तर फ्लुरालानरचा परिणाम पिसवांवर 12 आठवड्यांपर्यंत टिकतो. या तिन्ही गोळ्या पिसवांवर आणि गोचिडांवर अशा दोन्हींवर चालतात, अंगावर काहीही लावलेले नसल्याने मांजराला चाटण्याचा धोका राहत नाही, आणि पावसात भिजण्याने किंवा आंघोळीने परिणाम कमी होत नाही. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गटातील औषधांमुळे काही प्राण्यांना थरथर, तोल जाणे किंवा झटके येऊ शकतात, असा इशारा दिला होता. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलेली आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. गळ्यातील पट्ट्यांमध्ये इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन यांचा पट्टा सुमारे 8 महिने चालतो व तो मांजरांसाठीही वेगळा मिळतो. स्वस्त, घटकांची नावे न छापलेले पट्टे मात्र घेऊ नयेत.

कोणतेही औषध वजनाप्रमाणे घ्यावे. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान प्राण्यांत वाटून देण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तसे करताना प्रत्येकाच्या वाट्याला किती औषध आले हे मोजता येत नाही. घरच्या वजनकाट्यावर प्राण्याला उचलून उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे, इतके ते सोपे आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला बहुतेक औषधे चालत नाहीत. त्याला फणीने रोज विंचरणे आणि आईवर योग्य उपचार करणे हाच मार्ग. गाभण किंवा अंगावर पाजणारी मादी असेल, तर लेबलवरील सूचना वाचून डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

स्पॉट-ऑन लावताना होणारी चूक म्हणजे ते केसांवर ओतणे. मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या बाजूला, जेथे प्राण्याची जीभ पोहोचत नाही, तेथे दोन बोटांनी केसांचा भांग पाडावा, गुलाबी त्वचा दिसू द्यावी आणि नळीचे टोक त्वचेला टेकवूनच ती दाबावी. औषध लावण्याच्या आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये, कारण यांतील पुष्कळ औषधे त्वचेच्या तेलातून अंगभर पसरतात आणि शाम्पू तेच तेल काढून टाकतो.

लसूण, टी ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या आणि फिनाइल हे घरगुती उपाय प्राण्यांना विषारी ठरू शकतात. ते पूर्णपणे टाळावेत.

औषधाइतकेच लक्ष घराकडे द्यावे लागते, कारण अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या अगदी थोड्या, साधारण 5 टक्के, असतात आणि उरलेली अंडी, अळ्या व कोष अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या सांध्यांत असतात. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. प्राण्यांची गोधडी व चादरी आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवाव्यात आणि सोफ्याच्या खाचा व्हॅक्यूमने साफ करून आतील पिशवी लगेच घराबाहेर टाकावी. विष्ठेत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर पिसू गिळल्याने होणारा चपटा जंत झालेला असू शकतो, आणि त्यावर जंताचे औषध वेगळे द्यावे लागते. लहान पिल्लाच्या हिरड्या फिकट झाल्या असतील, तर पिसवांनी रक्त शोषून अशक्तपणा आणल्याची शक्यता असते; त्या दिवशीच दवाखान्यात जावे.

उपचार सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा दिसल्या, तर औषध निकामी आहे असे समजून लगेच बदलू नये. कोषातील पिसू अनेक आठवडे, प्रसंगी काही महिनेही, सुप्त राहू शकते, आणि कोषावर कोणत्याही औषधाचा फारसा परिणाम होत नाही. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने त्या बाहेर येतात व औषध लावलेल्या प्राण्यावर चढून मरतात. तेच औषध ठरलेल्या तारखेला, सर्व प्राण्यांना, किमान तीन महिने देत राहावे, आणि त्यानंतरही फणीत काळा भुगा येत असेल, तरच डॉक्टरांशी बोलून दुसरा घटक निवडावा.