ध्रुवांवरच्या बर्फाची बातमी कशी वाचावी

बर्फ घटल्याची बातमी दिसली की मी आधी महिना बघते. उत्तर ध्रुवाजवळचा समुद्री बर्फ मार्चच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. जुलैत तो वितळतोय यात नवल नाही, मागच्या वर्षांच्या जुलैपेक्षा किती कमी आहे ते बघायचं. दक्षिणेकडे चक्र उलटं, तिथे नीचांक फेब्रुवारीत येतो.

मग बर्फ कुठला ते तपासा. पाण्यावर तरंगणारा वितळला तर समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. ग्रीनलंडच्या जमिनीवरचा सगळा वितळला तर ती सात मीटरहून जास्त चढेल. म्हणून समुद्री बर्फाची बातमी सोडून द्यायची असं मुळीच नाही. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उघडं पाणी ते पिऊन टाकतं. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतंय, त्यामागचं हे एक मोठं कारण.

पैशाचा भाग बातमीत बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असतो. तो मी सावकाश वाचते, कारण माणसं तिथेच भेटतात. अलास्का आणि रशिया यांच्या मधल्या बेरिंग समुद्राचंच घ्या. हिवाळी बर्फामुळे तिथे तळाशी अतिथंड पाण्याचा पट्टा तयार होतो आणि उन्हाळाभर टिकतो. स्नो क्रॅब जातीच्या खेकड्यांची पिल्लं त्यातच वाढतात, कारण त्यांना खाणारे कॉड मासे एवढ्या थंडीत सहसा शिरत नाहीत. २०१८ आणि २०१९ मध्ये बर्फ फारच कमी धरला, पट्टा आक्रसला. कोमट पाण्यात खेकड्यांची भूक वाढली, त्यात दाटी, आणि खाणं पुरेना. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने एक हजार कोटींहून जास्त खेकडे नाहीसे झाले. २०२२ मध्ये अलास्काने स्नो क्रॅबचा हंगाम पहिल्यांदाच बंद ठेवला. बोटी धक्क्याला लागून राहिल्या. याच समुद्रातल्या सेंट पॉल बेटाच्या तिजोरीत खेकड्यांवरच्या कराचा मोठा वाटा होता, तोही आटला.

फायद्याच्या बातमीलाही हीच कसोटी लावा. रशियाच्या उत्तरेकडून गेलं की रॉटरडॅम ते योकोहामा अंतर सुएझमार्गे जाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होतं, हे खरं. पण तो मार्ग बराचसा उन्हाळ्यापुरताच, शिवाय बर्फफोडी जहाजं आणि विम्याचा खर्च वेगळा. नफा जहाज कंपनीचा. गोठलेली जमीन विरघळून घरं खचली तर भुर्दंड गावाच्या माथी. अलास्कातल्या न्यूटोकच्या लोकांना तर अख्खं गाव सोडून मर्टार्विक या नव्या वस्तीत जावं लागलं. बातमीत अशा गावाचं नाव नसेल तर मी दुसरी बातमी शोधते.

आलेख स्वतः बघायचा असेल तर अमेरिकेतल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरच्या संकेतस्थळावर तो रोज ताजा होतो, फुकट. सलग उपग्रह नोंदी १९७९ पासूनच्या आहेत. मधली जाड रेघ सरासरीची. ती १९८१ ते २०१० ची आहे की दुसऱ्या कुठल्या काळाची, हे आधी वाचा आणि मगच यंदाची रेघ तिच्या किती खाली आहे ते मोजा. २०१२ ची रेघही सोबत लावून घ्या. त्या सप्टेंबरात उत्तरेकडचा बर्फ घटून सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता.