मटार सोलायला या: सोसायटीत बोलता कट्टा कसा सुरू करावा

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास पुण्यात बऱ्याच ठिकाणी व्याख्यानं होतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, डॉक्टरांचं भाषण आणि शेवटी 'कुणाला काही विचारायचंय?' मग शांतता. शेजारपाजारच्यांसमोर माइक हातात घेऊन 'मला रात्र रात्र झोप लागत नाही' असं कोण म्हणणार? व्याख्यानांना माझा विरोध नाही. ज्या शहरात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलीय, तिथे असा विरोध करून राहायचं कुठे? पण व्याख्यान ऐकून माणूस आला तसा एकटाच घरी जातो. त्यापेक्षा दर आठवड्याला ठरल्या वेळी दहा-बारा माणसं एकत्र बसतील अशी सोय करणं जास्त उपयोगाचं, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य.

आधी कोण दिसत नाही ते बघा

यादी सभासदांची नको, न दिसणाऱ्यांची करा. ही माहिती सेक्रेटरीपेक्षा वॉचमनकडे जास्त असते. कुणाच्या दाराला दुधाची पिशवी अकरापर्यंत लटकलेली असते, मुलगा अमेरिकेला गेल्यापासून कुठल्या आजी खाली उतरलेल्या नाहीत, हे त्याला, इस्त्रीवाल्याला आणि चार घरी काम करणाऱ्या मावशींना नेमकं ठाऊक असतं. चौकशी मात्र बेतानं करा, पाळत ठेवल्यासारखं वाटता कामा नये.

एकटी असतात ती म्हातारी माणसंच, हा समज सोडून द्या. बाळंतपणानंतर नोकरी सोडून घरी असलेली मुलगी या यादीत असते. हिंजवडीहून रात्री उशिरा परतणारा आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नसलेला भाडेकरू असतो. सदाशिव पेठ, नारायण पेठेत तर स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत: सकाळी अभ्यासिका, दोन वेळा मेस, आणि गावाकडून फोन आला की 'चाललंय छान'. निकालाच्या दिवशी यांना फोन करणारे पुष्कळ असतात, पण शेजारी येऊन बसणारं कुणी नसतं.

निमित्त शोधा

'मानसिक आरोग्य कट्टा' असा फलक लावू नका. कुणी येणार नाही, आणि आलंच तर बाकीचे म्हणतील, 'यांचं काय बिनसलंय?' हाताला काम द्या. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त होतो. प्रत्येकानं आपापला मटार आणि एक ताट घेऊन खाली यायचं. पहिली दहा मिनिटं भावातच जातात: मंडईत काय दर, गाडीवर काय दर, कोण फसलं. मग शेंगेत अळी निघते आणि एकच आरडाओरडा होतो. ताट निम्मं भरेपर्यंत आवाज खाली आलेले असतात. आणि मान खाली, बोटं चालू, असं कुणीतरी म्हणतं, 'ह्यांना मटारची उसळ फार आवडायची.' समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही म्हणून हे बोलता येतं. शिवाय तासभर गप्प बसलं तरी चालतं, कारण काम तर सुरू असतं.

उन्हाळ्यात चिंच फोडायची, गणपतीआधी वाती वळायच्या, पावसाळ्यात कॅरम किंवा सगळ्यांनी मिळून शब्दकोडं. विद्यार्थ्यांना मटारात रस नसणार. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी पर्वती किंवा तळजाई आणि उतरल्यावर पोहे. अट एकच, अभ्यासाचा विषय जो काढेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

वार, वेळ, जागा

वार ठरला की बदलायचा नाही. फक्त गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिकेला बहुधा गुरुवारच सापडतो, आणि लोक बादल्या भरण्यात गुंतलेले असतात. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात ही वेळ उत्तम. दुपारी एक ते चारबद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको, आणि सातनंतर मालिका लागतात.

जागा अशी हवी की पायऱ्या चढाव्या लागू नयेत आणि स्वच्छतागृह जवळ असावं. सोसायटीचा हॉल किंवा पार्किंगचा एक कोपरा पुरतो. जवळ महापालिकेचं विरंगुळा केंद्र असेल तर तिथे विचारा. खुर्च्या, सतरंज्या गणेश मंडळाकडे धूळ खात पडलेल्या असतात, कार्यकर्ते आनंदानं देतात. खुर्च्या गोलात मांडा. स्टेज नको, माइक तर नकोच.

कमिटीची परवानगी लेखी घ्या. 'हे कशाला?' असा प्रश्न आलाच तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगा: जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो. कमिटीला आकडे आवडतात.

बोलावणं दारात जाऊन करा

व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकलात तर बारा अंगठे येतील आणि माणसं तीन. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती ग्रुप बघतच नाहीत. बेल वाजवा. 'या ना, तुम्हाला बरं वाटेल' असं म्हणू नका. त्यात कीव असते आणि ती लगेच कळते. मदत मागा: 'काकू, दहा किलो मटार आलाय, हात कमी पडतायत. जरा येता का?' कीव आली की दार लोटून घेणारी माणसं मदतीला नाही म्हणत नाहीत. पहिल्या खेपेला कुणीतरी सोबत घेऊन यावं, जिना उतरेपर्यंत बेत बदलतो.

थोडे नियम, पण ते पाळायचेच

इथलं बोलणं इथेच राहील, हा पहिला. दुसरा, विचारल्याशिवाय सल्ला नाही. 'प्राणायाम करा', 'मन रमवा', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' ही तिन्ही वाक्यं समोरच्याला गप्प करतात. तिसरा, विमा, प्लॉट आणि बाबा-महाराज यांची जाहिरात बंद. राजकारणाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पूर्ण बंदी पुण्यात टिकणार नाही.

सगळा वेळ आपणच बोलणारे एक काका प्रत्येक कट्ट्यावर असतात. त्यांना अडवू नका, चहाचा हिशेब त्यांच्याकडे सोपवा. निम्मा वेळ सुटे पैसे जुळवण्यात जातो आणि मानही राहतो.

जड काही निघालं तर

ही तयारी पहिल्या बैठकीआधीच हवी. कट्टा म्हणजे उपचार नव्हे. कुणी 'आता जगून काय करायचं' असं म्हणालं तर विषय बदलू नका, हसण्यावारी नेऊ नका. त्या व्यक्तीला बाजूला घेऊन, शांतपणे, स्पष्ट विचारा: 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, घरच्या किंवा विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि तिथूनच १४४१६ लावा. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग.

पोलीस केसच्या भीतीनं बरीच कुटुंबं गोष्ट दाबून टाकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. हे कट्ट्यावर एकदा सगळ्यांना सांगून ठेवा.

बाकी पत्ते एका कागदावर लिहून हॉलच्या फलकावर लावा. ससूनला आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात सरकारी बाह्यरुग्ण विभाग आहेत. 'कनेक्टिंग' ही पुण्यातली संस्था आत्महत्या रोखण्याचं काम करते. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक उपदेश न करता ऐकून घेतात. घरात दारूचा प्रश्न असेल तर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं 'मुक्तांगण' आहे. तिथे उपचार घेणाऱ्याइतकाच घरच्यांचाही विचार होतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबांसाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात, आणि त्यांचे स्वमदत गट चालतात. कंपवाताच्या रुग्णांना पार्किन्सन्स मित्रमंडळ सापडलं की निम्मा धीर तिथेच येतो. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या भेटीला सोबत जा. केसपेपरच्या रांगेत दोघं असले की माणूस अर्ध्यातून परत फिरत नाही.

टिकवायचं कसं

एखादं माणूस ओळीनं दोनदा आलं नाही की फोन करायचा, आणि हे काम एका ठरावीक माणसाचं. 'का नाही आलात?' असं विचारू नका. 'तुमची खुर्ची रिकामी होती' एवढं पुरे. चहाला प्रत्येकी दहा-वीस रुपये, नसतील तर नाहीत. उद्घाटन, वर्धापनदिन, बॅनर या भानगडीत पडलात की पदं निर्माण होतात आणि मग भांडणं. हॉलच्या किल्लीची दुसरी प्रत करून दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. तुम्ही गावाला गेलात तरी पुढच्या मंगळवारी खुर्च्या मांडल्या गेल्या पाहिजेत.