दात दुखायच्या आधीच दाखवून आणा: बाळाची डेंटिस्टकडची पहिली फेरी

आमच्या घरात डेंटिस्टकडं जायचे प्रसंग दोनच, एक गाल सुजला की आणि दुसरा कवळी बसवायची झाली की. मधल्या सगळ्या वर्षांना लवंग. त्यामुळं मी धाकट्याला अकराव्या महिन्यात घेऊन निघाले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या, "चारच तर दात हाईत त्येला, काय दाखवूलालीस गं?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, थोरलीच्या वेळी मी पण हेच म्हणत होते, की दुधाचे दात, पडायचेच आहेत, मग कशाला.

थोरली सव्वातीन वर्षांची होती, गणपतीचे दिवस, रात्री दीडला गाल धरून उठली ती सकाळपर्यंत झोपली नाही. सकाळी जो दवाखाना उघडा सापडला तिथं नेलं, नाव सांगत नाही, तिथं एकानं पाय धरले, एकानं डोकं धरलं, मला बाहेर बसवलं. दात बरा झाला पण पुढं वर्षभर पोरगी केस कापायच्या खुर्चीवर सुद्धा बसायला तयार नव्हती, खुर्ची मागं कलली की किंचाळायची. म्हणून सांगते, पहिली फेरी अशी पाहिजे की तिथं काहीच घडणार नाही, आणि ते फक्त दुखायच्या आधी गेलं तरच जमतं.

आता कधी जायचं ते. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि जास्तीत जास्त पहिल्या वाढदिवसापर्यंत. पहिला दात बहुतेक सहाव्या महिन्याच्या आसपास खालच्या बाजूला येतो, कुणाचा चौथ्यात, कुणाचा दहाव्यात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्ष झालं तरी एकही दिसत नसेल तर तेवढ्यासाठी पण दाखवून या. (वरचा आधी आला तर मामाला जड असं आमच्याकडं म्हणतात, माझ्या भावाला दोन्ही भाच्यांनी काही केलं नाही.) लक्षात राहायला सोपं म्हणून मी नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनला धरून हिशोब ठेवला, ते झालं की तायी कार्डावरच (आपल्या कर्नाटकातलं आई-बाळाचं सरकारी कार्ड) पेन्सिलनं लिहिलं, 'दात'. फक्त दोन्ही एकाच दिवशी उरकू नका, सुई टोचून घेतलेलं पोर त्या दिवशी कुणालाच तोंडात बोट घालू देत नाही. आणि तुमचं मूल दोन-तीन वर्षांचं झालंय नि अजून नेलंच नाही, तरी पुढच्या महिन्यात चला, दुखत नाहीये तोवर.

पडणाऱ्या दातांचं एवढं कशाला, याचं उत्तर मला नंतर कळलं. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झालं की पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे पाचवी-सहावीपर्यंत पोरगं त्यांच्यावरच भाकरी चावणार. दाढ लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही, मग पुढं तारा लावायचा खर्च. आणि मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही तो बाधू शकतो.

डॉक्टरकडं जायच्या आधी घरीच एक गोष्ट बघा. बाळाला उजेडाकडं तोंड करून मांडीवर झोपवा, वरचा ओठ बोटानं हळूच उचला आणि हिरडीला लागून दाताच्या कडेला बघा. खडूनं ओढल्यासारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, आणि हीच वेळ अशी आहे की नीट ब्रश, गोड कमी आणि फ्लोराईड एवढ्यावर ते थांबू शकतं, ड्रिल लागत नाही. पिवळट-तपकिरी झालं, खड्डा पडला, की ती वेळ गेली. ओठ उचलूनच बघा, कारण नुसतं हसताना ती रेघ दिसतच नाही, थोरलीची मला कधी दिसली नाही. कीड पहिल्यांदा वरच्या पुढच्या चार दातांना धरते, खालच्या दातांवर जीभ येते आणि लाळ तिथं जास्त असते म्हणून ते वाचतात. आमच्याकडं रात्री साखर घातलेलं दूध बाटलीतून तोंडात देऊन झोपवायचं, झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातावर तसंच बसून राहतं, आणि जंतूंची रात्रभर पंगत. वर दिवसभर चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट. हे डॉक्टर विचारणारच, तर लाजून लपवू नका, दिवसातनं किती वेळा गोड जातं ते खरं सांगा. एकदाच भरपूर कुंदा खाल्लेला परवडला, पण तासातासाला एक एक बिस्कीट नको.

मिश्रीचं मुद्दाम सांगते. आपल्या पट्ट्यात, निपाणीकडं तर तंबाखूचंच पीक, मिश्रीची डबी बऱ्याच घरात असते, आणि दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून आज्जी प्रेमानं स्वतःच्याच बोटानं बाळाच्या हिरडीला लावते. अजिबात लावू देऊ नका, तो तंबाखूच आहे, हिरडीतनं सरळ रक्तात जातो. वर्षाच्या आत मध पण द्यायचा नाही, चोखणीला लावूनसुद्धा नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळून हिरडी चोळा, फ्रीजमधला गार चमचा चावायला द्या, तेवढ्यानं भागतं. आणि जोराचा ताप किंवा जुलाब झाले तर 'दातामुळं असेल' म्हणून बसू नका, मुलांच्या डॉक्टरला दाखवा.

कुठं जायचं, तर लहान मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, पाटीवर पेडोडॉन्टिस्ट लिहिलेलं असतं. गावात नसतील तर साधा डेंटिस्ट पण पहिल्या तपासणीला चालतो, फक्त फोन करून विचारा की एक वर्षाचं बाळ बघता का, कारण काही जण 'तीन वर्षांचं झालं की आणा' म्हणतात, मग दुसरीकडं जा. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. कॉलेजच्या ओपीडीत आधी शिकणारे बघतात मग मोठे डॉक्टर येतात, त्यात वेळ जातो, तेव्हा खानापूर, चिकोडीकडनं येणाऱ्यांनी सकाळी लवकर पोचायचं आणि अर्धा दिवस धरूनच निघायचं.

वेळ सकाळची घ्या, झोप झालेली असताना. पोट अगदी भरलेलं नको, तोंडात बोट गेलं की उलटी होते, आणि उपाशी पण नको, तास-दीड तास आधी खाऊ घाला. सोबत काय न्यायचं तर तायी कार्ड, चालू असलेल्या औषधांची नावं (सिरप गोड असतात म्हणून ते पण विचारतात), एक जादा कपड्यांचा जोड, ओढणी किंवा टॉवेल, त्याचं आवडतं खेळणं, आणि घरचा ब्रश-पेस्ट. बाळाला हृदयाचा काही त्रास असेल, कसली ॲलर्जी असेल तर ते आत गेल्या गेल्या सांगा. आणि माणसं कमी न्या. आम्ही पाच जण गेलो होतो, चार जणांनी चार बाजूंनी "नाही रडायचं, नाही रडायचं" सुरू केलं आणि त्यानंच तो रडला.

मोठं मूल असेल, दोन-तीन-चार वर्षांचं, तर आठवडाभर आधीपासून घरी खेळ खेळा. मी थोरलीला दुसऱ्यांदा न्यायच्या आधी हेच केलं. मांडीवर डोकं, मोबाईलची टॉर्च, हातात स्टीलचा चमचा, आणि दात मोजायचे. मराठीत मोजून कंटाळली की कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, पूर्ण आले की वीस भरतात. मग तिनं बाहुलीचे मोजले, मग आज्जीचे, आज्जीचे सातच निघाले त्यावर घरात दोन दिवस हसणं. यात एक फायदा असा की डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि त्यांनी "बायी तेगी पुट्टा" (तोंड उघड बाळा) म्हटलं तर पोर बिचकत नाही, घरात फक्त मराठी ऐकणाऱ्या मुलाला अनोळखी माणूस अनोळखी भाषेत बोलला की निम्मी भीती त्याचीच असते. "अळब्याड" म्हणजे रडू नको हे पण शिकवून ठेवा.

काय बोलायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. "गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे वर्षभर म्हणायचं आणि मग त्याच डॉक्टरच्या मांडीवर द्यायचं, पोर रडणार नाही तर काय करणार. "काही दुखणार नाही हं" पण नको, त्याच्या डोक्यात दुखणं नसतंच, आपणच घालतो. सरळ सांगा, डॉक्टर दात मोजतील, आरशानं बघतील, मग आपण घरी. आणि शहाण्यासारखं बसलास तर चॉकलेट, हे तर दाताच्या दवाखान्यात म्हणूच नका, फुगा द्या, नाहीतर येताना बागेत न्या.

आत गेल्यावर लहान बाळाला खुर्चीवर झोपवतच नाहीत. डॉक्टर आणि आई समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघा लावून, बाळाचे पाय आईच्या कमरेला आणि डोकं डॉक्टरच्या मांडीवर, हात आपण धरायचे, त्याला आपला चेहरा दिसत राहतो. बघायला दोन-तीन मिनिटं लागतात. रडलं तर रडू दे, रडताना तोंड मोठं उघडतं आणि दाढेपर्यंत दिसतं, आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "रडतोय ते बरंच आहे माझ्यासाठी." मोठ्या मुलाला आधी तोंडानं सांगतात, मग वस्तू हातात देऊन दाखवतात, मग करतात, तेव्हा मध्ये मध्ये आपण बोलायचं नाही, एका वेळी एकच आवाज.

बाहेर पडायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. एक, ब्रश कसा धरायचा ते माझ्या हातानं करून बघू द्या. दोन, पेस्ट कुठली आणि किती. फ्लोराईडची पेस्ट, साधारण १००० पीपीएमची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी असं सांगतात, लहान मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच पेस्टमध्ये तेवढं फ्लोराईड नसतं, ट्यूबची मागची बाजू वाचा. तुमच्याकडं बोअरचं पाणी प्यायला असेल तर ते पण सांगा, काही ठिकाणच्या बोअरमध्ये फ्लोराईड जास्त असतं. तीन, परत कधी यायचं, बहुतेक सहा महिन्यांनी. ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत आपणच करायचा, पोर म्हणतं मी करतो, करू दे, पण त्यानंतर एक हात आपला, रात्रीचा तर चुकवूच नका.

थांबायचं नाही अशाही दोन-तीन गोष्टी आहेत. गाल किंवा डोळ्याखाली सूज, हिरडीवर पूची पुळी, सुजेबरोबर ताप, यात अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा. पडून दुधाचा दात मुळासकट निघाला तर परत जागेवर बसवायला जाऊ नका, आतून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. मोठ्या पोराचा पक्का दात निघाला तर मात्र मुळाला हात न लावता उचला, दुधात घाला आणि तासाभरात डेंटिस्टकडं पळा.

फ्लोराईडचं वार्निश, म्हणजे कीड लागू नये म्हणून डॉक्टर दातावर देतात तो लेप, लावलं असेल तर दातावर पिवळट थर दिसेल, घाबरू नका, ब्रश केला की निघून जातो. त्या रात्री ब्रश नको, दुसऱ्या दिवशी सकाळी करा, तोवर गरम आणि कडक काही नको, मऊ भात चालतो. आणि पुढची तारीख घरी पोचल्या पोचल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण दवाखान्यातनं दिलेली चिठ्ठी आमच्याकडं दोनदा पँटच्या खिशात धुतली गेली.