सपाट रंगाचं चित्र: पारख आणि राखण

निसर्गचित्रावरचा ओरखडा झाडाझुडपांत खपून जातो. त्रिकोण-चौकोनांच्या अमूर्त चित्रात तशी सोय नाही. एकसारखा सपाट रंग आणि धारदार कड हीच त्याची पुंजी, म्हणून पारखताना आधी पृष्ठभाग बघा.

चित्र उतरवा, खोली अंधारी करा आणि टॉर्च बाजूने, कॅनव्हासला जवळपास समांतर धरा. मास्किंग टेप लावून रंगवलेल्या कडेला बारीक उंचवटा दिसतो, कुठे टेपखाली झिरपलेला रंग सापडतो. बोटांचे ठसे, मागून दाब पडून आलेले फुगवटे आणि नंतर मारलेली रंगाची ठिगळंही याच उजेडात उघडी पडतात. मग दहापट भिंग लावा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती छपाई, मग ती कॅनव्हासवर का असेना. सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून केलेली छपाई, फसवतो, कारण त्याची शाई सपाट असते. तिथे खाली पेन्सिलीने लिहिलेला २३/१०० असा आकडा शोधा, म्हणजे शंभर प्रतींतली तेविसावी. नागपुरात कलाशिक्षण घेतलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे असे सेरिग्राफ बाजारात आहेत. त्यांना मूळ चित्राचा भाव लावू नका.

मागच्या बाजूला सही, साल, माध्यम, माप बघा. पण कापड पिवळं आहे म्हणून चित्र जुनं, असं नाही. चहाच्या पाण्यानेही ते पिवळं होतं. बिल आणि प्रदर्शनाचा कॅटलॉग जास्त कामाचे.

माप फ्रेम सोडून, आधी उंची मग रुंदी. पुष्कळदा भाव चौरस इंचावर ठरतो: ३० बाय ३६ म्हणजे १,०८० चौरस इंच, दर ६० रुपये धरला तर ६४,८००. मोठ्या चित्राला इंचामागचा दर सहसा उतरतो. ऑनलाइन मागितलेली किंमत धरू नका. त्याच चित्रकाराचं, त्याच माध्यमातलं, जवळपासच्या मापाचं चित्र प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते धरा.

आता राखण. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवून लावायचा प्लास्टिकसारखा रंग, मऊ पडतं आणि धूळ त्यात रुतून बसते. त्यातच कूलरची ओली हवा आली की कापड सैल पडतं. म्हणून कूलरसमोरची आणि मावळतीकडची भिंत टाळा, फोडणीचा धूर पोचतो तीही. घरातली आतली भिंत बरी. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून सेंटीमीटरभर कॉर्क चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उतरवून मागे बुरशी आणि उधईच्या मातीच्या रेघा तपासा. उधईचं औषध भिंतीला मारायचं, तेही चित्र दुसऱ्या खोलीत नेऊन.

धूळ काढायला बकरीच्या केसांचा, दोन इंची, कोरा ब्रश. चित्र थोडं पुढे झुकवून वरून खाली, दाब न देता. ओलं फडकं नको: पाण्याने अॅक्रिलिक फुगतं, घासल्याने मॅट रंगावर चकाकी येते आणि ती जात नाही. थिनर, सॅनिटायझर तर रंगच विरघळवतात. रंगाचे पोपडे सुटत असतील तर ब्रशही थांबवा, चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा आणि जाणकार संवर्धकाला, म्हणजे चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्याला, दाखवा.

नेताना प्लास्टिक किंवा फुग्यांचा कागद रंगाला टेकू देऊ नका. उन्हात फुग्यांचे गोल उमटतात. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड ठोकळे लावून वर दुसरा पुठ्ठा बांधा. आणि उन्हाळ्यात चित्र बंद गाडीत ठेवून जेवायला उतरू नका.