सायक्लोनखाली कुठला ड्रम ठेवायचा? या चुका टाळा

आईची जोंधळ्याची कोठी मी एका दमात चेपली. पत्र्याची, गोल, घट्ट झाकणाची, दिसायला एकदम भक्कम. सायक्लोन, म्हणजे ओढलेली हवा गरगर फिरवून त्यातला भुसा खाली पाडणारा शंकू, नवा आणला होता, त्याच्याखाली ठेवायला काहीच नव्हतं आणि कोठी माळ्यावर रिकामी पडलेली. झाकणाला भोक पाडलं, कडेनं सिलिकॉन मारलं, व्हॅक्युम क्लीनर जोडला. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी रंध्याचं एक लांब सालपट पाइपच्या तोंडात आडवं बसलं, हवा तुंबली आणि 'भक्क' असा आवाज होऊन कोठीचं पोट आत गेलं. आईनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "दोन पोती जोंधळे रहायचे रे ह्यात."

बेळगावात खानापूर रोडला माझं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे. त्या कोठीनंतर आणखी चार डबे बदलून झाले. त्यात जे शिकलो ते हे.

डबा हवा ओढून घेणाऱ्या बाजूला आहे, हे विसरणं

ब्लोअर भुसा पुढे ढकलून पिशवीत टाकत असेल तर ती पिशवी फुगते. सायक्लोन ब्लोअरच्या आधी बसवला की उलटं होतं. त्याच्याखालचा डबा आतून ओढला जातो आणि बाहेरची हवा त्याला चारी बाजूंनी दाबते.

हा दाब किती, ते एकदा कागदावर मांडून बघा. २०० लिटरच्या ड्रमचं तोंड साधारण ५७ सेंटीमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. दुकानातला चांगला व्हॅक्युम क्लीनर पाइप तुंबल्यावर २० किलोपास्कलच्या आसपास ओढतो (एक किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरवर साधारण १०० किलोचा भार). झाकणावर ५०० किलोचा भार झाला की! साखरेची दहा पोती एकावर एक रचल्यासारखं. मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टर हवा भरपूर ओढतो पण जोर कमी, दोन-अडीच किलोपास्कल. तिथं त्याच झाकणावर ६५ किलोच्या आत-बाहेर पडतात. म्हणून 'माझ्या मित्राकडे हाच डबा चालतो' याला अर्थ नाही. मित्राकडे कुठलं मशीन आहे ते आधी विचारा.

पातळ पत्रा, घरातली कचऱ्याची बादली, चौकोनी डबे, कपड्यांचे प्लॅस्टिक बॉक्स हे सगळे व्हॅक्युम क्लीनरखाली बाद. सपाट बाजू सगळ्यात आधी आत जाते. चौकोनीच हवा असेल तर १८ मिलीमीटर प्लायवूडचा करा आणि बाजूंना आडव्या पट्ट्या मारा. गोल जाड लोखंडी बॅरल किंवा जाड निळा ड्रम सहसा टिकतो. रंगाची २० लिटरची बादली छोट्या व्हॅक्युमला बरी. पण पाइपला एक झडप ठेवाच, म्हणजे ओढ वाढली की ती बाहेरची हवा आत घेते.

ड्रम बघणं, झाकण न बघणं

उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर, त्यामुळे ऑइलची रिकामी बॅरलं भंगारात कायम मिळतात. मी गेलो तेव्हा भंगारवाला म्हणाला, "मालक, बघा की, नवंकोरं आहे."

"झाकण?"

त्यानं आत हाक मारली. आतून पोराचं उत्तर आलं, "मुच्चळ इल्लरी!" म्हणजे झाकण नाही.

"झाकणाचं काय घेऊन बसलाय, परात ठेवा वर."

परात ठेवून चालत नाही. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जड भुसा भिंतीला लागून खाली उतरतो आणि स्वच्छ हवा मधल्या गाभ्यातून वर जाते. त्या गाभ्यात, म्हणजे नेमकं खालच्या तोंडाशी, ओढ सगळ्यात जास्त असते. तिथं झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा शिरली की ती सरळ मधून वर उसळते आणि खाली पडलेला बारीक भुसा पुन्हा उचलून फिल्टरकडे घेऊन जाते. सायक्लोन कितीही चांगला असू दे, फटीनं तो निकामी होतो. लोक मग सायक्लोनलाच शिव्या घालतात.

म्हणून खरेदी करताना झाकण आधी बघा, ड्रम नंतर. दोन बुचांचा बंद ड्रम घेऊ नका, कारण वरचा भाग कापून काढला की झाकण बसायला कडाच रहात नाही. पूर्ण तोंड उघडणारा, वर झाकण आणि खटक्याची लोखंडी रिंग असलेला घ्या. ती रिंग त्याच ड्रमची आहे का ते तिथंच लावून बघा. दुसऱ्याची रिंग बसते, पण आवळत नाही. झाकणाच्या खोबणीतलं रबर सुकून भेगाळलं असेल तर दाराला लावायची रबरी पट्टी चिकटवा. सायकलची जुनी ट्यूब उभी कापूनही काम भागतं, फक्त जोड तिरका कापा.

तपासायला उदबत्ती पुरते. मशीन चालू करा आणि पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेनं, मग सायक्लोनच्या फ्लेंजभोवती, म्हणजे तो झाकणाला जोडायच्या कडेभोवती, सावकाश फिरवा. धूर कुठं आत वळला की तिथं फट. फक्त डबा आधी रिकामा आणि पुसलेला असू दे. ठिणगी आत ओढली गेली आणि खाली कोरडा भुसा असला तर काम वाढेल. लोखंडी बॅरल असेल तर अजून सोपं, मोबाइलचा टॉर्च आत ठेवा, झाकण लावा, दिवा बंद करा. उजेड दिसला म्हणजे हवाही जाणार.

आधी त्यात काय होतं ते न विचारणं

थिनर, पेट्रोल, सॉल्व्हंटचं रिकामं बॅरल ग्राइंडरनं कापायला घेऊ नका. धुतलं असलं तरी नको. आत उरलेली वाफ ठिणगीनं पेटली की बॅरल फुटतं, यात दुसरं मत नाही. कीटकनाशकाचा निळा ड्रमही नको, कारण तो भुसा उद्या कुणाच्या तरी गोठ्यात जाणार. काकवीचा ड्रम माझ्याकडे एकदा आला होता. तीन वेळा गरम पाण्यानं धुतला, तरी आठ दिवस मुंग्या येत होत्या. खाद्यतेलाचा किंवा लोणच्याचा ड्रम मिळाला तर उत्तम.

मोठा घेतला की सुटलो, असं समजणं

सुकलेला सैल भुसा २०० लिटरला ३० ते ५० किलो भरतो. त्यात लोखंडी बॅरलचं स्वतःचं वजन १८-२० किलो. हे रोज सायक्लोनखालून काढायचं, उचलायचं आणि ओतायचं. एकट्याचं काम असेल तर ६० ते १०० लिटर पुरे. मोठाच हवा असेल तर चाकांची फळी करा आणि सायक्लोन आणि झाकण यांच्यामध्ये लवचिक पाइपचा वीतभर तुकडा ठेवा, म्हणजे ड्रम काढताना सगळा सायक्लोन हलत नाही.

लहान घेणाऱ्यांनी उलटा हिशोब करावा. २० सेंटीमीटर रुंद, २.४ मीटर लांब फळी दोन मिलीमीटर उतरवली तर घन लाकूड जेमतेम लिटरभर जातं, पण सालपटं फुगून पाच-सहा पट होतात. २० लिटरची बादली पाऊण भरायला तीन फळ्या पुरतात. चौथ्या फळीला भुसा थेट फिल्टरमध्ये. बहुतेकांचा फिल्टर असाच तुंबतो, आणि कळतं तेव्हा ओढ मेलेली असते. झाकणात किंवा ड्रमच्या बाजूला ॲक्रिलिकची खिडकी बसवा आणि पाऊण भरला की थांबा. हेस्कॉमची, म्हणजे आमच्या वीज कंपनीची, लाईट गेली की तेवढ्यात रिकामा करायचा, ही माझी सवय. आमच्याकडे संधी कमी नाही मिळत.

ड्रममध्ये प्लॅस्टिक पिशवी घालून ओझं वाचवायला गेलात, तर ओढीनं ती वर उठून सायक्लोनच्या तोंडाला चिकटेल. आतून जाळीचा पिंजरा ठेवून ती भिंतीला दाबून धरावी लागते. तो खटाटोप मी सोडून दिला.

भुसा फिल्टरमध्ये जातोय? या क्रमानं बघा

आधी डबा भरलाय का. मग झाकण आणि फ्लेंजची फट. मग ड्रमला कुठं गंजून भोक पडलंय का. हे सगळं ठीक असलं तरच सायक्लोनला दोष द्या. हा उशीर परवडणारा नसतो, कारण फिल्टरमधून सुटणारा सगळ्यात बारीक भुसाच छातीत जातो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत घातलंय. ड्रम ओतताना मास्क लावा, तेव्हाच सगळ्यात जास्त उडतं.

पावसाळ्यात एक वेगळीच कटकट. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की डब्यातला भुसा आठवड्यात गोळा धरतो, वास मारतो आणि बुरशी येते. गोळे झाले की ड्रमला काठी मारूनही सुटत नाहीत. त्या चार महिन्यांत डबा दर शनिवारी रिकामाच. आणि लोखंड घासायचा ग्राइंडर त्याच सायक्लोनला जोडू नका. ठिणगी भुशात तासन् तास धुमसत रहाते आणि तुम्ही कुलूप लावून घरी गेल्यावर पेटते.

सागवान, जांभूळ, फणसाचा भुसा शेजारचे मामा गोठ्यात पसरायला घेऊन जातात. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) आणि प्लायवूडचा वेगळ्या पोत्यात भरा. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो गोठ्यात नको आणि भुशाच्या शेगडीतही नको.