मोठा प्रोग्रॅमेबल स्लो कुकर घेताना आधी घराचं घड्याळ पाहा

स्लो कुकर, म्हणजे मंद उबेवर तासन्‌तास पदार्थ शिजवणारं विजेचं भांडं, घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. सकाळी घरातलं शेवटचं माणूस किती वाजता बाहेर पडतं? आणि संध्याकाळी पहिलं माणूस किती वाजता घरात येतं? या दोन वेळांमधलं अंतर एकदा कागदावर लिहिलं की निम्मी निवड तिथेच होते.

आमच्या घरात सात माणसं. मी साडेसातला निघते, संध्याकाळी सहाला मुलगा येतो. म्हणजे साडेदहा तास स्वयंपाकघरात कुणी नसतं. त्यात सासऱ्यांना सातच्या आत जेवायचं असतं, धाकटी साडेआठला येते, आणि माझी दुसरी पाळी असेल तेव्हा मी दहाला ताटावर बसते. एकाच भांड्यातलं जेवण तीन वेळांना गरम आणि खाण्याजोगं मिळायला हवं. आठ तासांत शिजणारा पदार्थ साध्या, फक्त खटका फिरवायच्या कुकरमध्ये साडेदहा तास शिजत राहतो. मांसाचे कोरडे धागे होतात, कडधान्यांचा लगदा होतो, भाज्या रश्श्यात विरून जातात. प्रोग्रॅमेबल कुकर, म्हणजे ज्यावर वेळ लावून ठेवता येते असा, आठ तास पूर्ण झाले की स्वतःहून ‘वॉर्म’वर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर, जातो. त्याचं खरं काम एवढंच, आणि आमच्यासारख्या घरात ते फार मोलाचं आहे. तुमच्याकडे दिवसभर कुणी घरी असेल, तर साधा खटक्याचा कुकरही उत्तम काम देतो. तिथे घड्याळासाठी जास्त पैसे मोजू नका.

या यंत्राचा गाभा फार जुना आहे. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये अशा विजेच्या भांड्याचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये त्यांची कंपनी रायव्हल या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आलं. बाहेर तापणारं आवरण, आत जाड भांडं, वर झाकण, ही रचना अजून तशीच आहे. म्हणून महागड्या मॉडेलमध्ये पदार्थ जास्त चांगला शिजतो असं गृहीत धरू नका. जास्तीचे पैसे बहुतेकदा घड्याळाचे, झाकणाचे आणि दिसण्याचे असतात.

‘लो’ आणि ‘हाय’बद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. ‘हाय’वर पदार्थ जास्त गरम होतो असं वाटतं. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही बटणांवर पदार्थ शेवटी जवळजवळ त्याच तापमानाला, उकळीच्या किंचित खाली पोचतो. ‘हाय’वर तो लवकर पोचतो, ‘लो’वर सावकाश. म्हणून ‘हाय’चे ४ तास म्हणजे ढोबळमानाने ‘लो’चे ८ तास. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना ‘लो’च कामाचं. ‘वॉर्म’वर मात्र काही शिजत नाही, शिजलेलं फक्त गरम राहतं. ते ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, कारण साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू झपाट्याने वाढतात. कच्चा पदार्थ ‘वॉर्म’वर ठेवून निघून जाणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

आता आकार. इथे हिशेब करूनच घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. खोक्यावर लिहिलेले लिटर म्हणजे भांडं काठोकाठ भरल्यावरचे. प्रत्यक्षात ते अर्ध्यापेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशापर्यंतच भरायचं असतं. अर्ध्याहून कमी असेल तर पदार्थ वेळेआधीच शिजून कडेला करपतो, आणि गच्च भरलं तर आतपर्यंत ऊब पोचायला फार वेळ लागतो. दाट सूप किंवा रस्सा मोठ्या माणसाला पोटभर म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर धरा. सात जणांना २.८ लिटर. त्याला दोन तृतीयांशाने भागलं की ४.२ लिटर. म्हणजे एका जेवणापुरता बघितला तर साडेचार लिटरचा कुकर सात जणांनाही पुरतो. पण दुसऱ्या दिवसासाठी थोडं उरावं अशी इच्छा असेल तर एक पायरी वर जा. ६.६ लिटरच्या भांड्यात ४.४ लिटर पदार्थ बसतो, सगळ्यांचं जेवून झाल्यावर चार जणांना पुरेल इतकं उरतं. मी हाच आकार घेतला. बरेच कुकर क्वार्टमध्ये मोजतात. एक क्वार्ट लिटरपेक्षा जरासा लहान: ६ क्वार्ट म्हणजे ५.७ लिटर, ७ म्हणजे ६.६, ८ म्हणजे ७.६.

‘मोठाच घेऊ, कधीतरी पाहुणे येतात’ हा विचार मला पटत नाही. वर्षातल्या चार प्रसंगांसाठी घेतलेला दहा लिटरचा कुकर उरलेले सगळे दिवस अर्ध्याच्या खालीच भरला जातो, आणि रोजचं जेवण बिघडतं. रोज जितकी माणसं जेवतात तितक्यांचाच हिशेब करा.

लांबट की गोल? अखंड कोंबडी किंवा मांसाचा मोठा तुकडा शिजवत असाल तर लांबट. फक्त सूप, रस्से, कडधान्यं असतील तर गोल. गोल भांड्यात ऊब सगळीकडे सारखी पोचते आणि ओट्यावर जागाही कमी लागते. ओट्याची लांबी-रुंदी मोजताना उंची विसरू नका. वर भिंतीतलं कपाट असेल तर झाकण सरळ उचलता आलं पाहिजे आणि वाफेने लाकूड फुगता कामा नये. वायर मुद्दामच आखूड देतात, कुणाचा हात अडकून गरम भांडं खाली येऊ नये म्हणून. तेव्हा भिंतीतल्या सॉकेटपर्यंत ती थेट पोचते का तेही बघा.

आतलं भांडं हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि दुकानात लोक त्याकडे सगळ्यात कमी बघतात. चिनी मातीचं जाड भांडं सावकाश तापतं, ऊब धरून ठेवतं, आणि ‘वॉर्म’वर त्याचा फायदा दिसतो. पण ते जड असतं. सहा-सात लिटरचं रिकामं भांडंच तीन-साडेतीन किलोचं भरतं, त्यात चार लिटर पदार्थ घातला की सात किलोंच्या वर जातं. ते दोन्ही हातांनी उचलून सिंकपर्यंत न्यायचं आहे. म्हणून घेण्याआधी रिकामं भांडं स्वतः उचलून बघा, कडेच्या कानांत बोटं नीट बसतात का पाहा, ओल्या हातातून निसटेल का याचा विचार करा. घरात मनगटं दुखणारं कुणी असेल आणि भांडी तेच घासत असेल, तर त्या माणसालाच दुकानात घेऊन जा. मातीचं भांडं गरम असताना गार पाण्याखाली धरलं तर तडकतं, आणि ते सहसा शेगडीवरही चालत नाही.

धातूचं, आतून न चिकटणारा थर असलेलं भांडं हलकं असतं. काही भांडी थेट शेगडीवर ठेवून त्यातच कांदा किंवा मांस परतता येतं आणि मग तेच भांडं कुकरमध्ये बसतं. एक कढई कमी घासावी लागते, सकाळच्या घाईत हे फार मोठं सुख आहे. मात्र ते शेगडीवर चालतं असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि तुमची शेगडी इंडक्शनची असेल तर त्याचा वेगळा उल्लेख हवा. त्या थरावर धातूचा डाव चालत नाही, ओरखडे पडतात. स्वतंत्र भांडं विकत मिळतं का, हेही विचारून ठेवा. भांडं फुटलं आणि बदली मिळालं नाही तर चालू असलेलं यंत्र अडगळीत जातं.

झाकण काचेचं असावं, म्हणजे न उघडता आत दिसतं. प्रत्येक वेळी झाकण उचललं की साचलेली ऊब निघून जाते आणि शिजायला २० ते ३० मिनिटं वाढतात. बाजूला खिट्ट्या असलेली झाकणं भांडं गाडीतून नेण्यासाठी असतात. शिजत असताना त्या लावायच्या की नाही ते माहितीपत्रकात बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये शिजताना लावायला मनाई असते.

घड्याळाच्या पट्टीवर मी मोजक्या गोष्टी बघते. वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने हवी तेवढी लावता आली पाहिजे. ४, ६, ८, १० असे ठरलेलेच पर्याय असतील तर साडेसहा तासांचा पदार्थ अडतो. ‘वॉर्म’वर गेल्यानंतर किती वेळ झाला ते आकड्यात दिसलं पाहिजे, कारण घरी आल्यावर मला तेच कळायला हवं असतं. ‘वॉर्म’ किती तासांनी आपोआप बंद होतं ते विचारा. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते रात्री दहा ही वेळ त्यात बसलीच पाहिजे. आकडे लांबून वाचता यावेत आणि बटणं सासऱ्यांनाही चालवता यावीत, हे मी खास तपासलं.

आणि वीज गेली तर? खटक्याचा कुकर वीज परत आली की पुन्हा तापू लागतो. डिजिटल कुकर बऱ्याचदा कोरा होऊन तसाच बंद राहतो. काहींमध्ये थोड्या मिनिटांपर्यंत लावलेली वेळ लक्षात राहण्याची सोय असते. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर ही सोय असलेलंच मॉडेल घ्या, त्यासाठी इतर चार गोष्टी सोडाव्या लागल्या तरी चालेल. घरी कुणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर तो पदार्थ शिजलेला दिसला तरी टाकून द्यावा. जीव हळहळतो, पण घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असताना मी तिथे तडजोड करत नाही.

उशिरा सुरू होण्याची सोय ऐकायला छान वाटते. पण कच्चं मांस नुसत्या खोलीच्या उबेत दोन तासांहून जास्त ठेवायचं नसतं, म्हणजे तिचा उपयोग फार थोडा. तापमापकाची सळई असलेलं मॉडेल मांस शिजवणाऱ्यांना खरोखर उपयोगी आहे: कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की कुकर स्वतः ‘वॉर्म’वर जातो. फोनवरून चालवायच्या कुकरशिवाय माझं काही अडलेलं नाही.

खोक्यावरचा व्होल्टेज आपल्या घरातल्या विजेशी जुळतो का ते बघा. १२० व्होल्टचं मॉडेल २३० व्होल्टला लावलं तर जळतं. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर हा प्रश्न आधी विचारा. विजेच्या खर्चाची धास्ती नको: २५० वॉटचा कुकर ८ तास सलग चालला तरी २ युनिट होतात.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आहे त्यांनी त्यातलं ‘स्लो कुक’ बटण आधी वापरून बघावं. असे बरेच कुकर फक्त तळातून तापतात आणि स्लो कुकर बहुधा सगळ्या बाजूंनी, त्यामुळे वेळ आणि परिणाम सारखे येतीलच असं नाही. आठवड्यातून एकदाच वापर होणार असेल तर त्यावर भागू शकतं.

कुकर घरी आला की खोकं लगेच फेकू नका. भांडं अर्ध्यापेक्षा थोडं जास्त साध्या पाण्याने भरा, झाकण लावा, ‘लो’वर ८ तास ठेवा, मधे उघडू नका. वेळ झाली की झाकण काढताक्षणी स्वयंपाकाच्या तापमापकाने पाणी मोजा. ८५ ते ९३ अंशांच्या दरम्यान असेल तर कुकर ठीक आहे. त्याहून जास्त आलं तर तो कडक तापतो, तुमचे पदार्थ सात तासांतच होतील. कमी आलं तर तो सुरक्षित नाही, परत करा. मग तेच पाणी ‘वॉर्म’वर दोन तास राहू द्या आणि पुन्हा मोजा, ६० च्या वर हवं. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका.

पहिल्या पदार्थाआधी तीन गोष्टी. गोठलेलं मांस थेट घालू नका, फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. उरलेलं अन्न उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि नंतर शेगडीवरच गरम करा, कारण स्लो कुकर ते फार सावकाश तापवतो. आणि राजमा, विशेषतः लाल, कच्चा कधीही स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते खळखळत्या उकळीत नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलं तर उलट वाढू शकतं. किमान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात शेगडीवर ३० मिनिटं खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये घाला. डब्यातला शिजवलेला राजमा असेल तर तसाच चालतो.