गल्लीत कॅमेरे लावायचं ठरलंय? मग वर्गणी काढायच्या आधी हे करा

आमच्या पेठेत तालमीनं, म्हणजे गल्लीच्या मंडळानं, वर्गणी काढून कॅमेरे बसवले आणि चारच महिन्यांत त्याच कोपऱ्यावरनं एका पोराची गाडी गेली, अजून हप्ते चालू होते त्याचे. फुटेज काढलं तर चोराची टोपी तेवढी दिसली कारण कॅमेरा दुसऱ्या मजल्यावरनं खाली बघत होता, आणि डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ पाऊण तास मागं. लई वाईट वाटलं. तेव्हापासनं या विषयावर जे संशोधन मिळेल ते वाचतोय.

पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात गल्लीत काय काय झालं ते लिहून काढा, कुठं, कुठल्या वारी, किती वाजता. घरोघरी विचारा, बायकांना आवर्जून विचारा, छेडछाडीची तक्रार कुणी चौकीवर नेत नाही पण जागा सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेत मिनियापोलिस शहराचा असाच हिशोब 1989 मध्ये छापून आला, पोलिसांना येणाऱ्या फोनपैकी निम्मे फोन फक्त 3 टक्के पत्त्यांवरनं होते. तुमच्या गल्लीतपण दोन-तीनच जागा निघतील बघा, कार्यालयामागचं पार्किंग, बंद दिव्याचा बोळ असं काहीतरी.

आता कॅमेऱ्यानं नक्की काय थांबतं? 40 वर्षांचे अभ्यास एकत्र करून 2019 मध्ये आढावा निघाला, त्यात कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी 13 टक्के कमी दिसले. सगळ्यात जास्त फरक गाड्यांच्या पार्किंगला. मारामारीवर मात्र ठोस परिणाम दिसला नाही, भांडणाच्या रागात वर कोण बघतंय? म्हणून पैसे कमी असतील तर गाड्या लावतात ती जागा आधी धरा, शोभेला चौकात चार कॅमेरे नकोत.

बोळात अंधार असेल तर त्याआधी महापालिकेला दिव्यासाठी अर्ज द्या. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत जादा दिवे लावून बघितले तर रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे साधारण 36 टक्के कमी झाले.

बसवताना गल्लीच्या तोंडाला एक कॅमेरा नऊ-दहा फुटांवर, येणाऱ्याच्या तोंडासमोर पाहिजे. 2.8 एमएमची लेन्स सगळी गल्ली दाखवते पण लांबच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही, त्याला वेगळा कॅमेरा लागतो. बसवणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी रात्री एकाला तिथनं चालत जायला सांगा, स्क्रीनवर ओळखू येतोय का बघा, नाही आला तर जागा बदलून घ्या. डीव्हीआर कुलपात ठेवा, यूपीएसवर, कंपनीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि दर महिन्याला घड्याळ तपासा. कुणाच्या खिडकीत, दारात कॅमेरा बघत नाही ना हे त्या घरच्यांना दाखवूनच फायनल करा, ते फार महत्त्वाचं आहे.

आणि बघणारा माणूस! अमेरिकेतल्याच न्यूअर्कमध्ये पोलिसांनी एक माणूस फक्त ठरावीक कॅमेरे बघायला बसवला आणि त्याच्या सांगण्यावर निघायला गस्तीच्या दोन गाड्या वेगळ्या ठेवल्या, तेव्हा तिथली मारामारी आणि दंगा बराच उतरला. आपल्याला ते जमणार नाही पण रात्री अकरा ते एक, वहीत जी वेळ निघाली असेल ती, मोबाईलवर बघायला पोरांच्या पाळ्या लावता येतात. काय दिसलं तर स्वतः धावायचं नाही, 112 लावायचा.

मग वहीतल्या जागांचा हातानं काढलेला नकाशा जोडून आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या, कोल्हापुरात असाल तर जुना राजवाडा असो नाहीतर राजारामपुरी, आणि बीट अंमलदाराला, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडं असतो त्या पोलिसाला, भेटून सांगा की रोज फेरी नको, या दोन जागांवर या वेळेला 10 ते 15 मिनिटं थांबा. मिनियापोलिसच्याच दुसऱ्या एका अभ्यासात तेवढं थांबल्याचा परिणाम पोलीस गेल्यावरपण जास्त वेळ टिकलेला दिसला. उलट कॅन्सस सिटीत 1972-73 ला नुसती गाडीतनं फिरती गस्त वाढवून बघितली तर गुन्ह्यात काही फरक पडला नव्हता.

चोरी झालीच तर फुटेज व्हॉट्सॲपवर फिरवू नका, चुकीचा पोरगा मार खाईल. डीव्हीआरवर पुढचं रेकॉर्डिंग चढायच्या आत पोलिसांना कळवून मूळ फाईल त्यांच्यासमोरच काढून द्या, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, ते कुणी सही करायचं हे मंडळाच्या बैठकीत आजच ठरवून ठेवा.